पहिला दगड साक्षीदाराचा

बायबलमधल्या दहा आज्ञांपैकी नववी आज्ञा कोणती, असे एखाद्या शिकल्यासवरल्या पण ख्रिस्ती नसलेल्या माणसाला विचारले, तर तो बहुधा सांगेल, ‘खोटे बोलू नये.’ उत्तर अगदीच चूक नाही, पण पुरतेही नाही. त्या आज्ञेचा रोख साध्या बोलण्यावर नाही, साक्षीवर आहे. शेजाऱ्याच्या विरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, अशी ती मनाई आहे. (कॅथलिक मंडळी हीच आज्ञा आठवी म्हणून मोजतात. मोजण्याची रीत निराळी, आज्ञा तीच.) हजरत मूसा (अ.स.) यांच्या कौमेत न्याय वेशीपाशी बसणाऱ्या वडीलधाऱ्यांपुढे व्हायचा. तिथे ना वकील होते, ना पंचनामे, ना फोटो. एखाद्याचे घर, जमीन, इज्जत आणि मानसुद्धा दोन शेजाऱ्यांच्या जिभेवर टांगलेली असायची. म्हणून शेजाऱ्याचे नाव त्या आज्ञेत आले आहे.

हे आम्हाला कोडोलीच्या एका मित्राने सांगितले. आम्ही दोघे बी.एड.ला एका बाकावर होतो. आम्ही पन्हाळ्यावर उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, तो गडाखाली मराठी शाळेत. दर रविवारी तो चर्चमध्ये मुलांना बायबल शिकवतो. आमच्या तालुक्यात ख्रिस्ती माणसे काल-परवा आलेली नाहीत. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले. १८७७ मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने पन्हाळ्यावरच ठाणे केले, आणि पुढे कामाचा जोर कोडोलीकडे गेला. तिथे दवाखाना उभा राहिला. गडावरच्या आणि गडाखालच्या किती हिंदू-मुसलमान घरांतली माणसे त्या मिशन दवाखान्यात जन्मली असतील! पण दवाखान्याची वाट ज्यांना पाठ आहे, त्यांनाही शेजारच्या चर्चमध्ये रविवारी काय वाचले जाते याची फारशी खबर नसते. आपल्या मोहल्ल्यात तर नसतेच. ‘अहले किताब’ म्हणायचे आणि त्यांची किताब उघडून बघायची नाही, अशी आपली रीत आहे.

पन्हाळ्यावर शिकवणाऱ्या माणसाला खरे-खोटे हा विषय टाळता येत नाही, त्याचे कारण शिवा काशीद. १६६० च्या जुलैत सिद्दी जौहरचा वेढा फोडून शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघाले, तेव्हा नेबापूरचा हा माणूस महाराजांचा वेष करून दुसऱ्या पालखीत बसला, पकडला गेला आणि मारला गेला. इथल्या प्रत्येक मुलाला ही गोष्ट पाठ असते. सातवीच्या वर्गात झूट आणि सच या विषयावर आमचे बोलणे चालले असताना मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “सर, शिवा काशीद तो झूट बोल्या ना? फिर उसकू गुनाह हुआ क्या?”

वर्ग हसला, पण तिचा प्रश्न हसण्यासारखा नव्हता. तिला तेव्हा आम्ही जे सांगितले त्याला बायबलमधल्या दोन गोष्टींचा आधार होता. मिसरच्या फिरऔनने इस्राएली बायकांचे मुलगे जन्मताच मारायचा हुकूम सुइणींना दिला. सुइणींनी मुले जगवली आणि जाब विचारल्यावर सांगितले की या बायका दणकट असतात, आम्ही पोचायच्या आतच बाळंत होतात. दुसरी गोष्ट यरीहो शहरातल्या राहाबची. तिने दोन हेर माळवदावर लपवले आणि शिपायांना भलतीच वाट दाखवली. बायबल या बायकांना दोष देत नाही. सुइणींचे तर देवाने भले केले, असे तिथे नमूद आहे. नववी आज्ञा ज्या ग्रंथात आहे त्याच ग्रंथात हे आहे, आणि त्यात विसंगती नाही. सुइणींनी आणि राहाबने स्वतःचा जीव धोक्यात घालून दुसऱ्याचा जीव वाचवला. शिवा काशीदने आपल्या खोट्याची किंमत आपल्याच मानेने चुकती केली. खोटा साक्षीदार याच्या बरोबर उलट करतो. त्याच्या खोट्याची किंमत दुसऱ्याला द्यावी लागते.

साक्षीदारालाही किंमत द्यायला लावावी, ही मूसा (अ.स.) यांच्या शरीअतची खास नजर आहे. तौरातचे पाचवे पुस्तक, मराठी बायबलमध्ये त्याला अनुवाद म्हणतात, त्यात साक्षीचे तीन कडक नियम आहेत. एकाच साक्षीदाराच्या तोंडावर कोणाला दोषी धरायचे नाही, दोन किंवा तीन हवेत. साक्ष खोटी आहे असे काजींना तपासाअंती आढळले, तर आरोपीला जी शिक्षा व्हायची तीच साक्षीदाराला द्यायची. आणि देहदंड असेल तर पहिला दगड साक्षीदाराने स्वतःच्या हाताने मारायचा.

हा तिसरा नियम वाचून आम्ही बराच वेळ थांबलो. दगडाची शिक्षा आज कोणाला पटणार नाही, पण नियमामागचा हिशेब बघा. तोंडाने नाव घेणे सोपे असते. मग पुढचे काम सरकार करते, फाशी देणारा करतो, तुरुंगाचा दरवाजा करतो, आणि साक्षीदार घरी जाऊन जेवतो. तौरात त्याला घरी जाऊ देत नाही. तू म्हणालास ना, मग उचल दगड. इंजीलमध्ये हजरत ईसा (अ.स.) यांच्यापुढे एका बाईला आणले जाते आणि तुमच्यात जो निष्पाप असेल त्याने सुरुवात करावी असे ते सांगतात, तो प्रसंग सर्वांना माहीत आहे. त्या वाक्याची मुळे या जुन्या नियमात आहेत. जमलेल्या लोकांना तो नियम माहीत होता, म्हणूनच ते एकेक करून निघून गेले. इस्तिफानला दगडांनी मारले तेव्हा साक्षीदारांनी आपले अंगरखे काढून शौल नावाच्या तरुणाच्या पायाशी ठेवले, असा उल्लेख आहे. अंगरखे साक्षीदारांनी का काढले, हे नियम ठाऊक नसेल तर कळत नाही. पहिले दगड त्यांना मारायचे होते.

आणखी एक गोष्ट उर्दू शिकवणाऱ्याच्या ध्यानात येतेच. शाहिद म्हणजे साक्षीदार आणि शहीद म्हणजे हुतात्मा, दोन्ही एकाच धातूचे. इंजील ज्या ग्रीक भाषेत लिहिली गेली, तिच्यातही साक्षीदारासाठी जो शब्द होता, ‘मार्तुस’, तोच पुढे ख्रिस्ती हुतात्म्यांसाठी रूढ झाला. अरबी आणि ग्रीक या दोन भाषांचे आपसात काही नाते नाही. तरी खरी साक्ष महागात पडते, हे दोन्हीकडच्या माणसांना दिसले असावे.

आता हा विषय आमच्या दारात कसा आला ते सांगायला हवे.

आमच्या ओळीत एक चाचा राहतात. त्यांचा मुलगा तीन दरवाजाच्या वाटेवर मक्याची कणसे भाजून विकतो. गाडी लावण्याच्या जागेवरून त्याचे शेजारच्या गाडीवाल्या तिघा भावांशी जुने भांडण होते. एका पावसाळी संध्याकाळी ते हातघाईवर आले. आम्ही शाळेतून येत होतो. धुके होते. थोरल्या भावाने शेगडीतली सळई उचलून चाचांच्या मुलाच्या उजव्या हातावर मारली, हे आम्ही पाहिले. मधला भाऊ नंतर धावत आला, हेही पाहिले. धाकटा आम्हाला दिसला नाही. मुलाच्या हाताचे हाड मोडले. त्याच रात्री चाचा आमच्याकडे आले आणि म्हणाले, “मास्तर, तिघांनी घेरून मारलं असं सांगा. तुम्ही शिकलेली माणसं, तुमच्या शब्दाला वजन आहे.”

आम्ही म्हणालो, “चाचा, आम्ही एकाला मारताना पाहिलं.”

“पोराचा हात गेला, मास्तर. धंद्याचे दिवस गेले. त्यांच्या मागं माणसं आहेत, आमच्या मागं कोण आहे? तुम्ही आमचे की त्यांचे?”

चाचांचे म्हणणे कोणत्या मातीतून आले आहे, हे या अंकाच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. आपला माणूस गरीब आहे, मार खाल्लेला आहे, आणि समोरच्याचे नाव वेगळ्या धर्माचे आहे. धाकटा भाऊ पोलीस भरतीची तयारी करतो, रोज पहाटे गडावर धावताना दिसतो. गुन्ह्यात नाव आले तर त्याची भरती अडकणार, हे चाचांना पक्के माहीत होते. ते बोलून दाखवण्याइतके मात्र ते वाईट नाहीत.

त्या रविवारी आम्ही कोडोलीला गेलो. मित्राने सगळे ऐकले, पुस्तक आणले आणि निर्गमचा तेविसावा अध्याय उघडून पुढे ठेवला. “हे वाच,” म्हणाला, “तुझ्या चाचांसाठीच लिहिलंय.”

त्या अध्यायाच्या सुरुवातीच्या थोड्या ओळींत खोटी अफवा पसरवू नये असे आहे. जमाव वाईटाकडे निघाला असेल तर त्याच्या मागे जाऊ नये, आणि दाव्यात बहुतेकांचा कल बघून साक्ष वाकवू नये असेही आहे. इथवर नवल नाही. पण लगेच पुढे आहे की गरिबाच्या दाव्यात त्याच्याकडेही झुकू नये. आम्ही ती ओळ दोनदा वाचली. बायबल म्हणजे विधवा, अनाथ, परदेशी यांचा कैवार घेणारा ग्रंथ. गरिबाचा न्याय बुडवू नये, हेसुद्धा त्याच अध्यायात तीन ओळी खाली आहे. मग हे मध्येच काय?

मित्र म्हणाला, “मदत कर ना! डाळ-तांदूळ दे, औषधाला पैसे दे, वकील गाठून दे. नाही कोण म्हणतंय? फक्त साक्ष ही मदत नाही. ती तुझ्या मालकीचीच नाही, द्यायला.”

याच दोन नियमांच्या मध्ये शत्रूच्या बैलाची गोष्ट आहे. तुझ्या वैऱ्याचा बैल किंवा गाढव वाट चुकलेले दिसले तर ते त्याच्याकडे नेऊन पोचव. कोर्टकचेरीच्या नियमांत बैल कुठून आला, असे कोणालाही वाटेल. आम्हाला वाटते, तो योग्य जागी आला आहे. वैऱ्याचा बैल वैऱ्याचाच असतो. आपले वैर खरे असले, तरी त्याने बैलाची मालकी बदलत नाही.

गरिबाविषयीच्या त्या ओळीचा दाखला शोधायला आम्हाला लांब जावे लागले नाही. तो करवीरच्याच इतिहासात आहे. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज वयाने लहान होते. ते वेडे आहेत असे म्हणून त्यांना बंदोबस्तात ठेवले होते, आणि दिवाण माधवराव बर्वे यांच्या कारभारात त्यांचा छळ होतो, अशी लोकांची पक्की समजूत होती. पुण्याहून ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे १८८१ साली नुकतीच निघाली होती. आगरकर आणि टिळक हे त्यांचे तरुण संपादक. त्यांच्या हाती बर्व्यांची म्हणून काही पत्रे आली, आणि त्यांच्या आधाराने त्यांनी झोड उठवली. बर्व्यांनी मुंबईत अब्रूनुकसानीचा खटला भरला. तिथे पत्रे बनावट निघाली. संपादकांनी माफी मागितली, तरी १८८२ च्या जुलैत दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी एकशे एक दिवस काढले. आगरकरांनी त्यावर पुस्तकच लिहिले.

मराठीच्या वर्गात ही गोष्ट टिळक-आगरकरांच्या त्यागाची म्हणून शिकवतात, आणि ती तशी आहेच. पण ती त्या अल्पवयीन राजाच्या बाजूने कोणी सांगत नाही. त्याचे दुःख खरे होते. १८८३ च्या २५ डिसेंबरला अहमदनगरच्या किल्ल्यात, त्याच्यावर नेमलेल्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झटापट होऊन तो मेला. वय वीस. खटला आणि हा मृत्यू यांच्यात दीड वर्षही गेले नाही. ज्याच्या बाजूने महाराष्ट्रातली सगळ्यात धारदार लेखणी उभी राहिली होती, त्याची बाजू बनावट कागदांनी आधीच मोडून ठेवली होती. आता कोणी खरे सांगितले असते, तरी सरकार म्हणाले असते, मागच्या खेपेसारखेच हेही! पत्रे बनवणाऱ्याला कदाचित वाटले असेल की आपण महाराजांना मदत करतो आहोत.

बायबलमध्येही अशाच पत्रांची एक गोष्ट आहे, पण तिथे पत्रे राजवाड्यातून निघतात. अहाब राजाला नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा हवा होता. मळा वाडवडिलांचा, नाबोथ देईना. राणी ईजबेलने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यावर राजाची मोहर उमटवली, आणि नाबोथवर कुफ्राचा आरोप ठेवणारे दोन साक्षीदार उभे करवले. दोन! म्हणजे शरीअतची अट अक्षरशः पूर्ण. नाबोथ दगडांखाली मेला आणि मळा राजाचा झाला. मग तिथे एलिया, म्हणजे आपले हजरत इलियास (अ.स.), येऊन उभे राहिले आणि त्यांनी राजाला तोंडावर विचारले. कायद्याचा आकडा भरला म्हणून न्याय झाला असे होत नाही, हे सांगण्यासाठी ही गोष्ट तिथे ठेवली असावी. (आपल्या देशाच्या पुराव्याच्या कायद्याने १८७२ पासूनच साक्षीदारांचा ठराविक आकडा मागितलेला नाही. जुलै २०२४ पासून नवा कायदा आला, त्यातही तेच आहे. एकच विश्वासू साक्षीदार पुरतो. त्यामुळे त्या एकाची जबाबदारी वाढते.)

कोल्हापूरशी नाते असलेला आणखी एक दाखला देतो. गोपाळ कृष्ण गोखले कागल-कोल्हापुरात शिकले. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या तपासणीसाठी गोरे सोजीर घरांत घुसत होते. गोखले तेव्हा विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर त्यांनी तिथल्या वृत्तपत्राला सांगितले की सोजिरांनी दोन बायकांची अब्रू घेतली. परत आल्यावर पुराव्यासाठी त्यांनी नावे विचारली, तेव्हा कोणीही पुढे यायला तयार झाले नाही. गोखल्यांनी गव्हर्नरची बिनशर्त माफी मागितली. त्या माफीबद्दल त्यांना आपल्याच लोकांची किती बोलणी खावी लागली! सोजिरांनी जुलूम केला नव्हता, असे त्या माफीने ठरत नाही. ज्यांना ठाऊक होते ते गप्प राहिले, एवढेच तिने ठरते. तौरातमध्ये या गप्प राहण्यालाही नाव आहे. पाहिलेले किंवा ठाऊक असलेले, बोलावणे आल्यावरही जो सांगत नाही, त्याच्यावर गुन्ह्याचा भार येतो असे लेवीयच्या पाचव्या अध्यायात आहे. आपल्याकडेही साक्ष लपवणाऱ्याचे दिल गुनाहगार ठरते, असे सूरह बकराहमध्ये सांगितले आहेच.

त्याच १८९७ सालच्या मे महिन्यात पंडिता रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रात आपल्या नावाने लिहिले. त्यांच्याकडच्या एका मुलीला प्लेगच्या इस्पितळात नेले होते. तिचे काय झाले आणि तिथली व्यवस्था कशी होती, ते त्यांनी लिहिले. सरकारने ते नाकारले. रमाबाई ख्रिस्ती होत्या, त्यांच्या संस्थेला विलायत-अमेरिकेतून मदत येत होती, आणि राज्य ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचे होते. गप्प राहायला त्यांच्याकडे पुष्कळ कारणे होती. गोखल्यांना लिहिणाऱ्यांनी ऐकीव लिहिले आणि नाव झाकले. बाईंनी आपल्या पदराखालच्या मुलीविषयी लिहिले आणि खाली नाव घातले. याच बाईंनी पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खे बायबल आणले. १९२२ मध्ये त्या गेल्या, आणि ते छापून पुरे झाले १९२४ मध्ये. साक्ष या शब्दाचा अर्थ सांगायला त्या भाषांतरकारांपेक्षाही पात्र होत्या, असे आम्हाला वाटते.

बायबलने ही गोष्ट शेवटी देवापर्यंत नेली आहे. अय्यूब (अ.स.) यांच्यावर संकटे कोसळतात, आणि तीन दोस्त येऊन सांगतात की तू काहीतरी गुन्हा केला असशील, अल्लाह उगाच शिक्षा करत नाही. ते देवाचीच वकिली करत आहेत. अय्यूब त्यांना विचारतात, तुम्ही देवाच्या बाजूने खोटे बोलणार का? आणि त्या पुस्तकाच्या शेवटी देव या वकिलांवरच नाराज होतो. मजहबच्या नावाने, कौमेच्या नावाने थोडेफार वाढवून सांगितले तर चालते असे मानणाऱ्या प्रत्येक धर्मातल्या माणसाने तो भाग वाचावा. हजरत ईसा (अ.स.) यांच्या सुळाविषयी आपला अकीदा ख्रिस्ती लोकांपेक्षा वेगळा आहे, तो वाद इथे नको. पण इंजीलमध्ये त्यांच्यावरच्या खटल्याचे जे वर्णन आहे, त्यात साक्षीदार पुष्कळ उभे केले जातात आणि त्यांच्या जबान्या एकमेकींशी जुळत नाहीत, हे मुद्दाम लिहिले आहे. साक्षीदार बाहेरचे नव्हते. धर्म वाचवायला निघालेल्या लोकांनीच ते उभे केले होते.

वाचक म्हणतील, हे सगळे आपल्या कुरआन शरीफमध्ये नाही काय? आहे. सूरह निसामध्ये इन्साफवर कायम राहायला आणि स्वतःच्या, आईबापांच्या, नातलगांच्या विरुद्ध जात असली तरी साक्ष अल्लाहसाठी द्यायला सांगितले आहे. समोरचा श्रीमंत असो की गरीब, दोघांचाही वाली अल्लाह आहे असे त्यात आहे. गरिबाचा उल्लेख तिथेही आहे! सूरह मायदामध्ये एखाद्या कौमेची दुश्मनी तुम्हाला नाइन्साफीकडे नेऊ नये, असे आहे. आणि त्याच सूरह निसाच्या एकशे पाचव्या आयतीपासून पुढे तफसीरकार ज्या घटनेचा हवाला देतात, ती तर आपल्या मोहल्ल्यातलीच वाटते. मदिन्यात एका मुसलमानाने चिलखत चोरले आणि आळ एका यहुद्यावर आणला. त्याच्या कबिल्याचे लोक त्याची बाजू घेऊन पैगंबर (स.) यांच्याकडे आले. आपला माणूस आहे, त्याची अब्रू वाचवा म्हणाले. वही आली ती त्या यहुद्याच्या बेगुनाहीची. मौलवीसाहेबांनी जुम्म्याच्या बयानात ही घटना सांगितल्याचे आम्ही कधी ऐकलेले नाही. दुसऱ्यांनी आपल्यावर घेतलेल्या खोट्या आळांविषयी मात्र पुष्कळदा ऐकले आहे.

ते आळ खोटे नसतात असे आम्ही म्हणत नाही. १४ जुलै २०२४ ला विशाळगडाच्या वाटेवरच्या गजापुरात जमाव मुसलमानांच्या घरांवर आणि मशिदीवर चालून गेला. पन्हाळ्यावरून महाराज ज्या वाटेने विशाळगडाला गेले, त्याच बाजूचे हे गाव. ज्यांची घरे फुटली त्यांच्याकडे सांगण्यासारखे इतके खरे होते की त्यात एक शब्दही वाढवायची गरज नव्हती. तरी त्या आठवड्यात आमच्या फोनवर जी चित्रे येत होती, त्यांतले एक भलत्याच गावचे आणि जुने होते. पाठवणारा चांगला माणूस आहे, तळमळीने पाठवत होता. आम्ही त्याला कळवले, तर तो म्हणाला, “एक गलत निकली तो क्या हुआ, बाकी तो सच हैं ना?” त्याला आम्ही चौथ्या शिवाजी महाराजांची गोष्ट सांगितली. ती त्याला पटली असावी असे वाटत नाही, पण चित्र त्याने काढून टाकले.

चाचांच्या प्रकरणात आमचा जबाब झाला. आम्ही बोलायच्या आधीच हवालदाराने ‘तिघांनी’ असे लिहायला घेतले होते, ते बदलायला लावले. या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते, हे आम्हाला तिथे कळले, म्हणून तो त्याच्याकडून पुन्हा वाचून घेतला. थोरल्याने मारले, मधला नंतर आला, तिसरा आम्हाला दिसला नाही, एवढेच त्यात आहे. चाचांनी त्या दिवसापासून बोलणे सोडले. फिर्यादीत धाकट्याचे नाव आहेच, चाचांच्या मुलानेच ते दिले आहे.

पंधरा दिवसांनी त्या तिघा भावांची आई घरी आली. घरात येईना, उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. “गुर्जी, तुमी खरं बोल्लासा. आता येवढंच सांगा, धाकला तितं नव्हताच म्हनून. पोराचं वाटोळं हुईल,” म्हणाली. आम्ही तिला सांगितले की तो नव्हता असे आम्ही म्हटलेले नाही. आम्हाला दिसला नाही, असे म्हटले आहे. धुके होते, आमच्या पाठीमागे कोण होते ते आम्हाला ठाऊक नाही. तिला यातला फरक कळला नाही, की कळूनही कळवून घ्यायचा नव्हता, कोण जाणे. ती रडत गेली. आमच्या घरच्यांनी विचारले, “त्या आईसाठी एवढं म्हणायला काय हरकत होती?” आम्ही तो निर्गमचा अध्याय त्यांना वाचून दाखवला. बैलापर्यंत आल्यावर त्या चहा ठेवायला उठल्या.

समन्स आले आहे, तारीख पावसाळ्यानंतरची आहे. शपथ घ्यावी लागेल. सिनेमात दाखवतात तसा किताबेवर हात ठेवायचा नसतो, १९६९ च्या शपथांच्या कायद्यात किताबेचा उल्लेख नाही. मित्राला गंमत वाटते ती वेगळीच. हजरत ईसा (अ.स.) यांनी शपथच घेऊ नये, हो ला हो आणि नाही ला नाही म्हणावे, असे सांगितले आहे. त्यामुळे शपथ न घेता नुसते प्रतिज्ञेवर सांगण्याची जी सोय कायद्यात आहे, ती शपथ नाकारणाऱ्या क्वेकर ख्रिस्ती लोकांनी विलायतेत सोसले त्याचे फळ आहे. “तू आमच्या लोकांच्या जिवावर साक्ष देणार,” असे तो म्हणतो.

चाचांच्या मुलाचा हात जुळला, पण पुरता वळत नाही. कणसे तो डाव्या हाताने फिरवतो. परवा आमची धाकटी मुलगी त्याच्या गाडीवर गेली. त्याने कणसाला तिखट-मीठ-लिंबू नेहमीसारखे चोळून दिले आणि पैसे मोजून घेतले. याआधी तो कधी घेत नसे.